डुलत्या धोंड्याचे डोळे

दगड बघायला लांबून माणसं येतील आणि आपण त्यांना हिंडवून ते दाखवू, हे जनूभाऊ समेळांनी घरात पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा मालूताई बिरड्यासाठी वाल सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"कुठले दगड?"

"आपले. पेणपासून रोह्यापर्यंतचे."

"ते दिसतात की आपल्याला."

"आपल्याला दिसतात. लोकांना दाखवावे लागतात," जनूभाऊ म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्या दिवशी त्यांनी ते दूधवाल्यालाही ऐकवलं.

जनूभाऊ रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. कंपनीने त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. तिच्यातली स्वेच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती जनूभाऊंची. आजवर सुट्टीच्या दिवशी घरात पाय न टिकणारा हा माणूस पिशवीत भाकरी घेऊन कधी कासूला उतरे, कधी रोह्याच्या पुढे जाई आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत धूळ घेऊन परत येई. घरच्यांना वाटे, माणूस पत्ते खेळायला जातो. खरं म्हणजे तो दगड बघायला जात असे. पत्ते खेळायला जात असता तर मालूताईंना चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

आता रोजच सुट्टी. अशा वेळी मालूताईंचे धाकटे बंधू पोपटशेठ, ज्यांची पेणच्या वेशीवर पोह्यांची गिरणी होती, ते स्कूटरवरून न उतरताच म्हणाले, "भावोजी, काट्यावर बसा माझ्याकडे. सावली आहे, पंखा आहे, काम म्हणाल तर काही नाही."

'काम म्हणाल तर काही नाही' हे ज्या प्रेमाने पोपटशेठ म्हणाले ते जनूभाऊंच्या काळजात रुतून बसलं. ज्या मुलाला त्यांनी लग्नात कानपिळीचा मान म्हणून विजार-शर्टाचं कापड दिलं, त्याच्या गिरणीत पंख्याखाली बसून पोती मोजायची? त्या रात्री त्यांना झोप लागली नाही आणि सकाळी उठले ते दगडांचा निर्धार करूनच उठले.

मालूताईंनी भांडण केलं नाही. त्यांनी निकाल दिला. "एक सहल करून बघा. आलेली माणसं जाताना 'परत येऊ' म्हणाली तर मी पोपटला नाही म्हणून सांगते. नाही म्हणाली, तर सोमवारपासून गिरणी."

निकालावर अपील नव्हतं.

जनूभाऊ पद्धतशीर माणूस. स्टोअरमधला नट असो की बोल्ट, कागदाशिवाय त्यांनी कधी बाहेर सोडला नव्हता. म्हणून आधी ते परवानगी काढायला एका कचेरीत गेले. तिथल्या बाबूने त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दगड नेणार का?"

"नाही."

"फोडणार?"

"छे! बघणार. लोकांना दाखवणार."

"दगड फोडायला परवाना आहे. वाहून न्यायला आहे. बघायला नाही," बाबू म्हणाला.

"म्हणजे बघायला मनाई आहे?"

"मनाई नाही. परवानगी नाही." मग जरा आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुम्ही थोडासा फोडत का नाही? म्हणजे आम्हाला काहीतरी करता येईल."

जनूभाऊ तीन वेळा गेले. तिसऱ्या खेपेला बाबूने त्यांना चहा पाजला आणि आपल्या मेव्हण्याला खडीचा परवाना हवा आहे, तो कुठे मिळेल, असं उलट त्यांनाच विचारलं. तेव्हा विनापरवाना बघायचं ठरलं.

छापखान्यातून पत्रकं आली. 'खडक-दर्शन. खासगी वाहनाने सहल. सोबत जाणकार मार्गदर्शक.' जाणकार हा शब्द छापणाऱ्याने स्वतःहून घातला होता. तो खोडायला सांगावं की नाही याचा जनूभाऊंनी बराच विचार केला आणि शेवटी विचारच सोडून दिला. शेजारपाजारच्यांनी पत्रक वाचून सल्ले दिले. एक म्हणाले, दगडांबरोबर एखादं देऊळ ठेवा, लोकांना कारण लागतं. दुसरे म्हणाले, धबधबा ठेवा. माघ महिन्यात धबधबा कुठून आणू, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तेवढी सोय नसेल तर कशाला काढता सहल?"

पुण्याच्या वर्तमानपत्रात दोन ओळींची जाहिरात दिली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एस.टी.डी. बूथचा नंबर दिला होता. चार दिवस बूथवाला जनूभाऊंना बघून नुसती मान हलवायचा. पाचव्या दिवशी तो चप्पल न घालता धावत आला.

फोनवर प्राध्यापक निसळ होते. भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आवाजच असा की जनूभाऊ बूथमध्ये उभेच्या उभे ताठ झाले.

"तुम्ही डुलता धोंडा असं छापलंय. तो डुलतो?"

"एका बोटाने, सर."

"मी तीस वर्षं वर्गात डुलते दगड शिकवले, समेळ. एकही डुलताना पाहिला नाही. कुठे गेलो की लोक म्हणतात, पूर्वी डुलायचा. तुमचा खरोखर डुलत असेल, तर माझ्या कॉलेजची मुलं दर हिवाळ्यात तुमच्याकडे पाठवीन. आणि डुलत नसेल तर तसं आत्ताच सांगा."

"डुलतो," जनूभाऊ म्हणाले. कासूजवळच्या टेपाच्या वाडीवरचा तो धोंडा त्यांच्या खास जिव्हाळ्याचा होता. बैलगाडीएवढा काळा दगड, खाली दुसऱ्या खडकावर जेमतेम टेकलेला. बोट लावलं की पाळण्यासारखा हलायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. कंपनीत साहेब बोलले, घरात काही बिनसलं, की जनूभाऊ तिथे जाऊन त्याला एकदा डुलवून येत. आपण लावलेल्या बोटाने जगात काहीतरी हलतं, हे बघून त्यांना बरं वाटायचं.

माघातल्या चतुर्थीनंतरचा रविवार ठरला. आता एकच अडचण राहिली. माळावर दगडच दगड, आणि जनूभाऊ स्वतःच कधीकधी चुकत. खडकांवर लहानसे आकडे रंगवले तर पाहुण्यांसमोर घोटाळा होणार नाही, असा त्यांनी विचार केला. विचार चांगला होता. त्यासाठी त्यांनी जो माणूस निवडला तिथे सगळं फसलं.

तो माणूस म्हणजे समोरचा रघू. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत कामं वाटलेली असतात. मातीचं काम एकाचं, रंगाचं दुसऱ्याचं, आणि डोळ्यांची आखणी करणारा वेगळा. त्याच्या हाताखाली मूर्ती सगळ्यात शेवटी येते, आणि तो बुबुळ टेकवतो तेव्हा कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नाही. रघू आखणीवाला होता. वर्षभर नुसते डोळे काढून त्याची नजर अशी झाली होती की कशाकडेही बघितलं तरी त्याला त्यात डोळ्यांची जागा दिसे. घरच्या पपईला त्याने एकदा डोळे काढले होते आणि मग ती चिरायला कुणी धजेना. अशा माणसाच्या हाती रंग देऊन, माघी गणपतींचं काम संपवून त्याचा हात गरम असताना, त्याला एकट्याला माळावर पाठवणं ही चूक पेणच्या माणसाने करायला नको होती. पण जनूभाऊंनी केली.

शुक्रवारी संध्याकाळी रघू परत आला. "सगळ्यांना आकडे टाकले, जनूभाऊ. शेवटच्याला आकडा नाय टाकला. पण तो तुम्ही ओळखाल."

जनूभाऊंना त्यात काही वावगं वाटलं नाही. डुलता धोंडा न ओळखायला ते काय परके होते?

रविवारी सकाळी ठरवलेल्या जीपवाल्याने निरोप पाठवला की त्याला लग्नाचं भाडं मिळालंय. खासगी वाहन असं पत्रकात छापलेलं. निसळसर आणि निसळबाई एस.टी.तून उतरून स्टँडवर उभे. जनूभाऊंनी दातओठ खाल्ले आणि पोपटशेठकडून पोह्यांचा टेम्पो मागून आणला. मागे गादी टाकली, बाईंसाठी उशी ठेवली. तरी टेम्पो सुरू होताच आतून असा कोंडा उडाला की निसळसर रोह्याला उतरले तेव्हा त्यांच्या मिशा पिकल्यासारख्या दिसत होत्या. वाटेत एकदा तर टेम्पोच्या ड्रायव्हरने सवयीप्रमाणे एका किराणा दुकानासमोर गाडी लावली आणि हमाल मागचा फाळका उघडून निसळबाईंकडे बघत राहिला.

"खासगी वाहन आहे हे खरं," बाई पदर झाडत म्हणाल्या. त्या दिवसभरात त्या आणखी फारसं काही बोलणार नाहीत असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

पहिला मुक्काम कुंडलिकेच्या पात्रातले रांजणखळगे. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरून फिरून खडकाला पडलेली गोल, खोल भोकं. जनूभाऊ रुमाल हलवत पुढे झाले आणि थबकले. प्रत्येक रांजणात गोधडी भिजत घातलेली होती. काठावर सीताबाई नावाची एक बाई साबण घेऊन बसली होती.

"जरा काढता का, बाई? पुण्याहून सर आलेत. त्यांना भोकं बघायचीत."

"आता काढल्या तर भिजतील कवा नि वाळतील कवा? आन गोधडी काढल्यावर भोकात काय दिसनार हाय? भोकच ना?" सीताबाई म्हणाली.

शेवटी एका रांजणातली गोधडी पिळायला जनूभाऊंनी एक टोक धरलं आणि निसळसरांनी दुसरं धरलं. सरांनी रांजणात डोकं घालून पाहिलं, वहाणा भिजवल्या, आणि वर येऊन म्हणाले, "रांजण उत्तम आहे. साबण फार आहे."

दुसरा मुक्काम खांबदगड. थंड होताना तडकून सहा कोनांचे उभे खांब झालेला काळा पाषाण. वाडीतल्या बायकांनी केव्हाच शोधून काढलं होतं की एकेका खांबाच्या माथ्यावर एकेक पापड बेताचा मावतो. दोनअडीचशे पापड उन्हात पडलेले. खडकाचा इंचही दिसेना. निसळसर पापडांच्या मांडणीवरून खांब मोजत होते. निसळबाईंनी मात्र पहिल्यांदा तोंड उघडलं आणि उडदाचे की पोह्याचे असं विचारून गठ्ठा बांधून घेतला. जनूभाऊंना घाम फुटला होता. सहल दगडांची आणि आनंद पापडांचा, हे काही सरांच्या कॉलेजच्या मुलांना कळवण्यासारखं नव्हतं.

"समेळ," टेम्पोत चढताना सर म्हणाले, "आता फक्त डुलता."

"आता फक्त डुलता, सर," जनूभाऊ म्हणाले. गिरणीतला पंखा त्यांच्या डोळ्यांपुढे गरगरू लागला होता. तरी त्यांनी पाठ सरळ केली. त्यांचा धोंडा त्यांना दगा देणार नव्हता.

टेपाच्या वाडीच्या अलीकडेच लाउडस्पीकर ऐकू आला. जवळ गेल्यावर पताका दिसल्या. माळावर चपलांचा ढीग पडला होता, आणि ढिगाच्या पलीकडे, आंब्याच्या डहाळ्यांच्या मांडवाखाली, डुलता धोंडा बसला होता. त्याला डोळे होते.

काय डोळे होते! जनूभाऊ पेणचे, त्यांनी हजारो गणपती पाहिले होते, पण त्यांचेही हात आपोआप जोडले गेले. डोळे काढल्याबरोबर सोंड सोंड दिसत होती, कान कान दिसत होता, पुढे आलेला फुगवटा पोट झाला होता. आता त्यात दगड शोधून सापडत नव्हता. बाजूच्या एका लहान दगडालाही डोळे होते.

कडेला नवा सदरा घालून रघू उभा होता. त्याला गावाने फेटा बांधला होता.

"रघू! अरे, आकडा टाकायला सांगितला होता ना तुला?"

"टाकणारच होतो. ब्रश भिजवला, वर बघितलं, तर सोंड हाय, कान हाय, पोट हाय. नुसतं डोळ्यांवाचून अडलं होतं. माझ्यानं राहवलं नाय, जनूभाऊ."

"आणि तो बाजूचा?"

"तो उंदीर. देवाला एकट्याला कसं ठेवायचं?"

वाडीचा काळुराम पुढे आला. ऐन चतुर्थीच्या तोंडावर माळावर देवाने डोळे उघडले म्हणताना गावाने काल दीड दिवसाचा गणपती बसवून टाकला होता. "अवो, तुमच्याच मानसाच्या हातून झाला हा. म्हणजे यजमान तुम्ही! कालपास्नं वाट बघतोय. व्हा फुडं, चपला काढा."

निसळसरांनी चपला काढल्या, मांडवात जाऊन निरखून पाहिलं आणि धोंड्याला लावायला बोट पुढे केलं. त्याबरोबर बायजा नावाची एक म्हातारी कडाडली, "आँ! देवाला बोट लावतो?"

सरांनी बोट मागे घेतलं. मग जनूभाऊंना बाजूला घेऊन ते अगदी हळू बोलले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "समेळ, नैसर्गिक खडक म्हणून सांगितलंत. त्याला रंग लावलात. डुलतो म्हणालात, आणि आता हात लावता येत नाही. मी मुलांना काय बघायला पाठवू?"

सरांचा एक शब्द खोटा नव्हता. ओल्या बोळ्याने डोळे पुसून टाकावेत म्हणावं, तर गावाने त्यांनाच पुसलं असतं; आणि खरं सांगायचं तर त्या डोळ्यांवर बोळा फिरवायला त्यांचाही हात धजला नसता. ते मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. आणि तिथे उभ्या उभ्या त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"काळुराम, दीड दिवसाचा ना? म्हणजे विसर्जन आज."

"व्हय, आजच. पर हा नेनार कसा? आमी म्हनतो, ऱ्हाऊ दे बसलेला."

"बसवलाय ना दीड दिवसाचा म्हणून? मग उत्तरपूजा व्हायलाच हवी. नाहीतर त्याचं पुढे सगळं करायला लागेल गावाला. रोजची पूजा, रोजचा नैवेद्य, सोवळं. वालाच्या काढणीच्या दिवसांत कोण करणार?"

काळुराम विचारात पडला. वाल शेतात वाळून खडखडत होते हे खरं होतं.

"उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या, आणि मूर्ती जागची जराशी हलवायची. घरी हलवतो तशीच. झालं विसर्जन. मग कळशीभर पाण्याने चेहरा धुवायचा, की दगड आपला मोकळा."

'हलवायची' हा शब्द उच्चारताना जनूभाऊंनी निसळसरांकडे असा काही कटाक्ष टाकला की सरांच्या चेहऱ्यावरचा कोंडासुद्धा उजळला. हलवायची म्हणजे डुलवायची! परंपरेलाही बाध नाही, शास्त्रालाही नाही. इतकी वर्षं नट-बोल्ट मोजण्यात आपली बुद्धी वाया गेली, असं त्या क्षणी जनूभाऊंना अगदी मनापासून वाटलं.

गाव तयार झालं. आरतीची जमवाजमव सुरू झाली. तेवढ्या वेळात निसळसर धोंड्याच्या मागच्या बाजूला गेले, बसले, आणि त्यांनी पिशवीतून हातोडी काढली.

"सर, हे काय?"

"खालचा एक तुकडा. वरचा दगड आणि खालचा एकाच जातीचा आहे का, हे बघायला हवं. मागच्या बाजूचा आहे, देवाला कळणार नाही. तुम्ही तेवढं त्या गृहस्थांना बोलण्यात गुंतवा."

जनूभाऊंनी काळुरामला यंदा वालाला शेंग कशी धरली ते विचारलं. आरतीच्या झांजा घुमत होत्या, त्यात टकटक आवाज मिसळून गेला. सरांनी धोंड्याच्या बुडाखाली अडकलेला पाचरीसारखा एक सुरेख तुकडा सोडवला, पुसला आणि पिशवीत टाकला. तो तुकडा तिथे कशासाठी अडकलेला होता हा विचार दोघांपैकी एकानेही केला नाही. एक जण तीस वर्षं हाच विषय शिकवत होता आणि दुसरा जाणकार मार्गदर्शक होता.

सरांना डुलतानाचा फोटो हवा होता. फोटोत माणसं नकोत, म्हणून उताराच्या बाजूची सगळी मंडळी जनूभाऊंनी वर आणून उभी केली. मांडव सोडवून बाजूला केला. उत्तरपूजा झाली. बायजाने दही-पोह्यांचा नैवेद्य ठेवला. काळुरामने अक्षता दिल्या.

"यजमान, हलवा."

जनूभाऊंनी अक्षता टाकल्या. मनातल्या मनात म्हणाले, बाबा रे, एवढ्या वेळी माझी लाज राख. आणि त्यांनी तर्जनी पुढे करून धोंड्याला हलकेच लावली.

धोंडा डुलला. पुढे झुकला. निसळसर "वा!" म्हणाले आणि त्यांनी खटका दाबला. आता तो मागे येणार म्हणून जनूभाऊ बोट तसंच धरून थांबले. पण तो मागे आला नाही. तो आणखी पुढे झुकला, जरा घुटमळला, आणि ते डोळे वर आभाळाकडे करून उलटा झाला. मग पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. माळ हादरवत तो उताराला लागला. करवंदीच्या जाळ्या मोडल्या, वालाच्या शेतातून सरळ रस्ता काढला, बांध ओलांडला, आणि वाडीच्या तळ्यात असा पडला की पाणी काठावरच्या आंब्याच्या शेंड्यापर्यंत उडालं.

झांजा हातात तशाच राहिल्या. आणि मग, माणसाला सवयीने जे तोंडातून येतं ते सगळ्या गावाच्या तोंडून एकदम आलं.

"गणपती बाप्पा मोरया! पुढच्या वर्षी लवकर या!"

त्या गजरात निसळसरांचाही आवाज होता.

जनूभाऊंचं बोट अजून हवेतच होतं. ते रिकाम्या जागेकडे बघत होते. आजोबा-पणजोबांच्या आधीपासून जो दगड ऊन-पाऊस-वादळात बसून होता, तो त्यांनी एका बोटाने घालवला. गिरणीचं काय, निकालाचं काय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी आवरलं नाही.

"कसा काय सुटला हा?" काळुराम वाकून बुडाची जागा बघू लागला. "इथं खाली कायतरी होतं बघा. कुनी काढला काय?"

निसळसरांचा हात पिशवीवर गेला. चेहरा पांढरा पडला; त्यात कोंड्याचा भाग थोडाच होता. ते बोलायला तोंड उघडणार, इतक्यात जनूभाऊ डोळे पुसून पुढे झाले.

"मी हलवला, काळुराम. माझ्याच हातून गेला. शेताचंही नुकसान माझ्यामुळे झालं. ते मी भरून देईन."

"नुसकान कसलं?" बायजा मधेच म्हणाली. "आजवर गनपती डोईवर घेऊन तळ्यावर नेला. हा आपल्या पायानं गेला गो बाय! असा कुनी पायलाय?"

कुणी पाहिला नव्हता. गावाची छाती फुगली. काळुरामनेही वाकणं सोडलं आणि वालाच्या शेतातल्या त्या सरळ रस्त्याला हात जोडले. ते शेत त्याचंच होतं.

परतताना टेम्पोजवळ निसळसरांनी जनूभाऊंचा दंड धरला. "समेळ, तो तुकडा माझ्या पिशवीत आहे. तुम्हाला माहीत आहे."

"ठेवा, सर. सहलीतच धरलेला आहे."

"मुलं पाठवायचा शब्द दिला होता मी तुम्हाला. पण आता डुलता धोंडाच..." सर टेम्पोच्या फाळक्याला टेकले आणि तळ्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात निसळबाई पुढे आल्या. खांबदगडापासून मांडीवर पापडांचा गठ्ठा घेऊन गप्प बसलेल्या बाई.

"तीस वर्षं यांच्याबरोबर दगड बघत हिंडतेय मी," त्या म्हणाल्या. "एकही दगड जागचा हललेला पाहिला नव्हता. आज पहिल्यांदा करमलं. माझ्या भिशीतल्या बायकांना घेऊन यायचंय मला. पण तेव्हाही पडेल ना एखादा?"

हो म्हणणं सोपं होतं. माळावर दगड पुष्कळ होते आणि रघूही होता.

"नाही, बाई. डुलता एकच होता. मी त्याची बसायची जागा दाखवीन. गेला ती वाट दाखवीन, आणि तळ्यातून डोकं वर काढून बसलाय ते दाखवीन. आणि तो माझ्या हातून गेला, हेही सांगीन. तेवढंच आहे माझ्याकडे."

बाईंनी पापडांचा गठ्ठा काखेत मारला. "मग पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार आमच्यासाठी ठेवा. परत येऊ आम्ही." मग त्या सरांकडे वळल्या. "आणि अहो, तुमच्या कॉलेजच्या मुलांना दगड कसा पडतो ते शिकवायचात ना? मग पडलेला बघायला नको का त्यांना?"

सरांनी मान हलवली. आधी नाही म्हणून, मग जरा थांबून हो म्हणून.

कासूच्या स्टेशनजवळ एस.टी.डी. बूथ दिसल्यावर जनूभाऊंनी टेम्पो थांबवायला सांगितला. मालूताईंना घरी जाऊन सांगता आलं असतं. पण पोपटशेठना सांगायला त्यांना घरापर्यंत धीर धरवेना.

"भावोजी! काय, झाली का सहल? उद्या किती वाजता येताय काट्यावर?"

"येत नाही," जनूभाऊ म्हणाले. "दगड गेला, पोपटशेठ. पण माणसं परत येतायत."